रंगाखालची चेतक

२०२३ ची दिवाळी. वसुबारसेच्या सकाळी अंगणात सडा टाकायला गेले, तर कोपऱ्यात उभ्या असलेल्या अण्णांच्या चेतकवर काहीतरी वेगळंच दिसलं. जवळ जाऊन पाहिलं. पायांपुढच्या पत्र्यावर, मडगार्डवर, फूटबोर्डच्या कडेला जागोजागी फोड आले होते. कांजिण्यांसारखे. एक फोड नखानं दाबला तर आतून तपकिरी पाण्याचा थेंब आला आणि त्याच्याबरोबर नव्याकोऱ्या रंगाची खपलीच हातात आली. चार महिन्यांपूर्वी साडेतीन हजार मोजून रंगवून घेतलेली गाडी! सणाच्या दिवशी डोळ्यांत पाणी आणायचं नाही म्हणून मी फडकं टाकून ती झाकून ठेवली आणि आत जाऊन चकल्यांच्या मागे लागले.

ही चेतक अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९८६ साली घेतली. चेतक बाजारात आली १९७२ मध्ये. स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघत बसायचे, तो काळ आज मुलांना सांगितला तर खोटा वाटतो. आमच्याकडे गाडी आली तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. फिकट निळा रंग, पुढे मी उभी, मागे आई, तिच्या मांडीवर धाकटा भाऊ, आणि मध्ये ताठ बसलेले अण्णा. दर रविवारी ते गाडी धुवायचे. सुरू होत नसली की इंजिनाच्या बाजूला तिरकी करायची, मग किक मारायची, हा विधी तर आम्हा दोघा भावंडांना बाराखडीच्या आधी पाठ झाला होता.

२०१९ च्या सुरुवातीला अण्णा गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर आला. शाहूपुरीच्या सखल भागातल्या आमच्या अंगणात पाणी शिरलं आणि चेतक तीन दिवस त्या गढूळ पाण्यात उभी राहिली. त्यानंतर तिला कुणी हात लावला नाही. भाऊ म्हणायचा, "ताई, भंगारात देऊन टाकू. जागा तरी मोकळी होईल." आई काहीच म्हणायची नाही. पण २०२३ मध्ये माझ्या लेकीनं गिअरच्या गाडीचं लायसन्स काढलं आणि जाहीर केलं, "आजोबांची चेतक मीच चालवणार." मग मलाही उत्साह आला. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, तरी घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी दिली. तिसऱ्या दिवशी चकचकीत होऊन दारात हजर! इंजिनाचं काम तेवढं राहिलं होतं, ते दिवाळीनंतर करू म्हटलं. बाकी कसं झालं, एवढ्या लवकर कसं झालं, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

दिवाळीनंतर शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या मेस्त्रींना घरी बोलावलं. वय साठीच्या पुढचं, अण्णांना ओळखणारे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, फोडांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, ह्यो रंग न्हाई. ही चादर हाय, खालचं झाकायला टाकल्याली." मग त्यांनी खिशातून चुंबकाचा तुकडा काढला, रुमालात गुंडाळला आणि पत्र्यावरून फिरवायला सुरुवात केली. चुंबक टकाटक चिकटत होता. फूटबोर्डवर ब्रेकच्या पायडलजवळ आला आणि टपकन खाली पडला. तिथं लोखंड नव्हतंच! मेस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच दाबलं. ते आरपार गेलं. नव्या रंगाखाली नुसती पुटी होती आणि पुटीखाली गंजून भोक पडलेला पत्रा.

माझ्या तर पोटात गोळाच आला. मेस्त्रींनी समजावलं की चेतकला मोटरसायकलसारखी वेगळी फ्रेम नसते. पत्रा हाच तिचा सांगाडा. ब्रेकचं पायडल त्याच फूटबोर्डवर बसवलेलं असतं. जोरात ब्रेक दाबायची वेळ आली असती आणि पायडलसकट पत्राच खाली गेला असता तर? लेक गाडीवर बसायला उतावीळ झाली होती आणि मी मात्र रंग छान दिसतोय म्हणून खूश होते. "पावसाळ्यात पुटी मारली, ती बी गंजावर," मेस्त्री म्हणाले. "गंज म्हंजे कर्ज हो ताई. वरनं झाकलं म्हणून व्याज थांबतंय व्हय?"

त्यांनी सगळं काम करायचे जे पैसे सांगितले, ते माझ्या बजेटबाहेरचे होते. पण मग तेच म्हणाले, "ह्यात रंगाचा खर्च थोडा, घासायची मजुरी जास्त. घासायचं काम तुम्ही करा. वेल्डिंग, ठोकाठोकी आन फवारा माझ्याकडं." पुटीचा हात आणि शेवटचं घासणं त्यांच्या शेडमध्ये, त्यांच्या नजरेखाली करायचं ठरलं. काम कधी सुरू करायचं तेही त्यांनीच सांगितलं. फेब्रुवारीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. उघडा पत्रा दमट हवेत एक रात्र जरी राहिला तरी त्यावर गंजाची तांबूस साय धरते, आणि पुटी तर स्पंजासारखी ओल पिते. त्या ओलीवर रंग मारला की ती आतल्या आत अडकते आणि उन्हं तापली की फोड होऊन वर येते. आमच्या कांजिण्यांचं कारण असं कळलं.

हे ऐकताना मला एकदम लहानपणचे कल्हईवाले आठवले. गल्लीत त्यांची हाक आली की आई पितळेची पातेली बाहेर काढायची. कल्हईवाला आधी भांडं घासघासून लख्ख करायचा, भट्टीवर तापवायचा, नवसागर टाकायचा, आणि मग शेवटी कथिलाचा एवढासा तुकडा फिरवला की क्षणात भांडं चांदीसारखं! आम्ही पोरं त्या शेवटच्या क्षणासाठी थांबायचो. पण मेहनत सगळी आधीची असायची. मळकट भांड्याला कल्हई धरतच नाही. गाडीच्या रंगाचंही अगदी तेच आहे.

तर २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही मायलेकींनी पदर खोचला. पहिलं काम, गाडी सोडवायची. पण सोडवण्याआधी लेकीनं मोबाइलवर प्रत्येक भागाचे फोटो काढले, कुठली केबल कुठून जाते, कुठला नट कुठे आहे, सगळं. सीट, हेडलाइट, मडगार्ड, दोन्ही बाजूंची फुगीर कव्हरं, नावाच्या पट्ट्या, रबरं असं एकेक काढत गेलो. नट-बोल्ट मी मसाल्याच्या जुन्या डब्यांत ठेवले आणि डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. फोडणीच्या डब्यात मोहरीच्या जागी वॉशर बघून आईला हसू आवरेना. पेट्रोलची टाकी मात्र मेस्त्रींनी स्वतः येऊन रिकामी करून काढून नेली. पुढे वेल्डिंग करायचं होतं आणि तिथं हयगय चालत नाही. फूटबोर्डवरच्या रबराच्या पट्ट्या काढल्या तेव्हा त्यांच्या खाली अजून पुराची माती होती. पाच वर्षं ती तिथं ओल धरून बसली होती. गंज तिथूनच सुरू झाला होता.

मला वाटलं, आता पॉलिश पेपर घ्यायचा आणि घासायला लागायचं. पण नाही! आधी तेल-ओशट काढायचं. गाडीवर इंजिनाचं तेल, ग्रीस, वर्षानुवर्षं मारलेलं पॉलिश असतं. ते न काढता घासलं तर ओशटपणा ओरखड्यांत आणखी खोल जाऊन बसतो. मग वरचा रंग तिथं धरत नाही, बारीक बारीक खळगे पडतात. म्हणून भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यानं दोनदा धुतली, सांदीकोपरे टूथब्रशनं काढले, वाळवली आणि मग थिनरचं फडकं फिरवलं. एक फडकं पुसायला, लगेच दुसरं कोरडं करायला. एकाच मळक्या फडक्यानं पुसत राहिलं तर तेल नुसतं इकडचं तिकडे होतं. ओट्यावर काम करणाऱ्या कुठल्याही बाईला हे सांगायला नको.

मग जुना रंग काढायचा. यासाठी रंग काढायचं रसायन मिळतं, पण ते उघड्यावर, हातमोजे घालून आणि चेहरा सांभाळून वापरायचं. जुन्या रंगांमध्ये शिसं असू शकतं. त्यामुळे कोरडं घासून त्याची धूळ उडवायची नाही, मास्क लावायचा आणि पाण्यानं ओलं करून घासायचं. शेजारची लहान मुलं कुतूहलानं यायची, त्यांना गेटबाहेरच थांबवलं. घासून झालं की अंगावरचे कपडे वेगळे धुवायचे. एक चूक मात्र मी करून बसले. पहिल्याच दिवशी हौसेनं ऐंशी नंबरचा जाड पेपर घेऊन मडगार्डवर तुटून पडले आणि एवढे खोल ओरखडे पाडले की ते काढण्यात पुढे दोन दिवस गेले. जाड पेपर फक्त गंजासाठी. बाकी एकशेऐंशी, तीनशेवीस असं चढत जायचं. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक.

घासायला लागण्याआधी मेस्त्रींनी फोनवर एक गोष्ट निक्षून सांगितली होती. इंजिनाच्या बाजूला कव्हराखाली पत्र्यात चेसिस नंबर कोरलेला असतो, त्याला हात लावायचा नाही. ना जाड पेपर, ना पुटी. तो नंबर म्हणजे गाडीची कुंडली. आरटीओत तपासणीच्या वेळी त्यावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात. नंबर बुजला किंवा झिजला तर गाडी आपलीच आहे हे सिद्ध करता करता नाकीनऊ येतात. आम्ही तो नुसता पुसून त्यावर टेप लावला. त्याआधी आईनं कागद-पेन्सिल मागवून घेतली आणि लहान मुलं नाण्यांचे छाप काढतात तसा छाप काढला. एकेक आकडा कागदावर उमटत गेला. आईनं तो कागद आरसी बुकात ठेवला.

त्याच दिवशी मी फ्रीजवरचा मॅग्नेट काढून आणला. मेस्त्रींसारखं आपणही बघावं म्हटलं, आणखी कुठे काय लपलंय. मॅग्नेट फिरवत फिरवत इंजिनाच्या बाजूच्या कव्हरावर आले आणि मधोमध टपकन पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. तळहाताएवढ्या जागेत लोखंड लागतच नव्हतं. "इथंही भोक आहे वाटतं," मी म्हटलं. सोप्यात बसून आई बघत होती. ती काही न बोलता उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्या कव्हरावरचा रंग काढला. वर सात महिन्यांचा रंग, त्याखाली जुना निळा, आणि त्याखाली ब्रशानं मारलेला, जरा वेगळ्याच छटेचा निळा. त्याच्याखाली पुटी, चांगली पाच-सहा मिलिमीटर जाड, तडे गेलेली. पेचकसाचं टोक लावताच अख्खी खपली निघून पडली. आत भोक नव्हतं. एक खोल पोचा होता.

"ही अण्णांची म्हैस!" मी ओरडले. आमच्या घरातली ही प्रसिद्ध गोष्ट. मी बारा वर्षांची असताना, १९८८ साली, अण्णांनी गाडी म्हशीला धडकवली होती म्हणे. पुढे कितीतरी वर्षं कुठल्याही जेवणात कुणी ना कुणी ती म्हैस काढायचंच. मामा तर "अण्णा, दूध किती देते हो तुमची म्हैस?" म्हणून चिडवायचे आणि अण्णा हसून ताटातला भात कालवत राहायचे.

आई दारात उभी होती. म्हणाली, "म्हैस बिस काही नव्हती. ती मी पाडलीय."

मी बघतच राहिले. आई, म्हणजे रस्ता ओलांडतानासुद्धा माझा हात धरणारी माझी आई! मग तिनं सांगितलं. त्या उन्हाळ्यात अण्णा तिला पहाटे विद्यापीठाच्या रस्त्यावर गाडी शिकवायला न्यायचे. आम्ही झोपेत असायचो. आजीला सांगायचं, देवीच्या दर्शनाला जातो. महिनाभरात आईला छान जमायला लागलं होतं. क्लच, गिअर, सगळं. मग एके दिवशी टेंबलाईच्या उतारावर तिचा तोल गेला आणि गाडी उजव्या अंगावर पडली. तिला खरचटलं, कव्हराला पोचा पडला. आजीला कळलं तर काय काय ऐकावं लागेल, या भीतीनं ती रडायला लागली. अण्णा म्हणाले, "तू काही बोलू नकोस, मी बघतो." घरी येऊन म्हशीची गोष्ट त्यांनीच सांगितली. उद्यमनगरातून पुटी आणली, रात्री दिव्याच्या उजेडात भरली आणि ब्रशानं रंग मारला.

"किती चांगले होते गं अण्णा," मी म्हटलं. माझा आवाज दाटून आला होता.

"चांगलेच होते," आई म्हणाली. "त्यांनी माझी लाज राखली. पण एकदा झाकलं ना, की परत शिकायला बसायचं कसं? कशानं पडले, कुठं चुकलं, कुणाशी बोलायचं? मी पडलेच नव्हते ना! त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही, मीही नाही. तुम्ही म्हशीवरून हसायचात, तेव्हा मीही हसायचे."

पस्तीस वर्षं ती त्या हसण्यात सामील झाली होती. मी आणि लेक, दोघी गप्प बसलो. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी म्हणाले, "आई, हा पोचा असाच ठेवूया. आठवण म्हणून." त्यावर आई चक्क वैतागली. "काही नको! खड्डा कशाला जपायचा? तो काय मानाचा आहे? मेस्त्रींना सांग, ठोकून सरळ करा म्हणावं."

मेस्त्रींच्या शेडमध्ये सगळे पत्रे टेम्पोनं नेले, तेव्हा आईही रिक्षानं आली. ब्रेकजवळचा कुजलेला भाग मेस्त्रींनी कापून काढला, चांगलं चकचकीत लोखंड लागेपर्यंत, आणि तिथं नवा पत्रा वेल्डिंग करून बसवला. भोक पुटीनं बुजवायचं नसतं, हे एव्हाना मलाही कळलं होतं. मग त्यांनी ते कव्हर हातात घेतलं. आईनं त्यांना सगळी हकिकत सांगून टाकली, न लाजता. ते हसले. आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हातोडीनं हलके हलके ठोके देत, कडेपासून मध्याकडे येत त्यांनी पोचा वर उचलला. म्हणाले, "मावशी, लबाडीनं भरल्याली असू दे न्हाईतर मायेनं, पुटी ती पुटीच. पत्रा सरळ केल्याबिगर ती टिकत न्हाई."

पुटी लागतेच, पण अगदी शेवटच्या उंचसखलपणापुरती. दोन-तीन मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही. लिंबाएवढ्या पुटीला वाटाण्याएवढा हार्डनर. जास्त घातला तर त्याचा डाग वरच्या रंगातून फुटतो, कमी घातला तर पुटी वाळतच नाही. आणि एकदा कालवली की चार-पाच मिनिटांत लावून मोकळं व्हायचं. भज्याच्या पिठासारखी भिजवून ठेवता येत नाही! वाळल्यावर ती कोरडीच घासायची, पाणी लावायचं नाही, कारण ती पाणी पिते. इथे मास्क हवाच.

आणि इथे खरी कमाल केली ती आईनं. पत्रा सपाट झाला की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. मेस्त्री डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवतात. माझ्या हाताला सगळं सारखंच लागायचं. आईनं पदराला हात पुसला, कव्हरावरून एकदा फिरवला आणि म्हणाली, "इथं उंच आहे. इथं किंचित खोल." मेस्त्रींनी तपासलं, अगदी बरोबर! साठ वर्षं भाकरी थापलेला हात तो, काठाला जाड आहे की मध्ये, हे त्याला न बघता कळतं. त्या दिवसापासून मेस्त्री आमच्यापेक्षा तिलाच विचारायला लागले, "मावशी, बघा जरा." अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आई रोज दुपारी डबा घेऊन शेडमध्ये जायला लागली. फक्त जाताना साबणानं हात धुवायची, कारण केसांना लावलेल्या खोबरेल तेलाचा एक ठसासुद्धा रंग खराब करायला पुरतो.

मग प्रायमर. उघड्या लोखंडाला रंगाच्या आधी हा थर लागतोच, तो गंजाला अडवतो आणि वरच्या रंगाला धरून ठेवतो. हँडलचा वरचा भाग ॲल्युमिनियमचा, त्याला वेगळा प्रायमर, नाहीतर रंग सालपटासारखा निघतो. प्रायमर वाळल्यावर मेस्त्रींनी त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारला. लेक घाबरली, "अहो, काळी करताय?" पण ती युक्ती होती. त्यावरून चारशे नंबरचा पेपर पाण्यात भिजवून, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून फिरवला की उंच जागेवरचा काळा रंग जातो आणि खोल जागेतला तसाच राहतो. म्हणजे खड्डा आपणहून हात वर करतो! तो भरायचा, पुन्हा घासायचं. शेवटी सहाशे नंबर. हे सगळं व्हायला जवळजवळ तीन आठवडे लागले. जुलैत तीन दिवसांत कसं झालं होतं, याचं उत्तर मला मिळालं.

फवाऱ्याच्या आदल्या दिवशी झाकाझाकी. वर्तमानपत्राची रद्दी मी आणली होती, ती मेस्त्रींनी बाजूला ठेवली. थिनरनं शाई सुटते आणि रंगात उतरते, कोरा कागद आणा म्हणाले. शेडची जमीन पाण्यानं ओली केली, धूळ बसावी म्हणून. चिकट फडक्यानं शेवटची धूळ टिपली. त्यानंतर कुणी पत्र्याला बोटही लावायचं नाही. फवारा मारताना आम्हाला बाहेर काढलं. त्या रंगाची वाफ छातीला वाईट, मेस्त्री स्वतः नळकांड्यांचा मास्क लावून उभे राहिले. रंग कोणता, हा प्रश्न नव्हताच. आरसी बुकात निळा होता, निळाच दिला. रंग बदलायचा तर आरटीओत तशी नोंद करावी लागते. शिवाय नोंदणी पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नव्यानं करायची असते, ती आमची २०२१ मध्ये संपलीच होती. इंजिनाचं काम उरकल्यावर भावानं धावपळ करून गाडी आईच्या नावावर केली. हो, आईच्या! तपासणीच्या दिवशी चेसिस नंबरचा छाप पहिल्या फटक्यात स्वच्छ उमटला.

एकूण खर्च? इंजिन सोडून अकरा हजारांच्या आसपास, आणि आधीचे वाया गेलेले साडेतीन हजार वेगळे. नंतर पुन्हा पावसाळा आला, गेला, फोड एकही नाही. पण मला सांगायचंय ते पुढचं.

जूनमध्ये लेक चेतक घेऊन कॉलेजला जायला लागली. पहिल्या दिवशी आई गेटपर्यंत गेली. "सुरू नाही झाली तर तिरकी कर," तिनं बजावलं, आणि मग हळूच म्हणाली, "आणि पडलीस तर घरी येऊन सांग हो. झाकू नकोस."

दुसऱ्याच आठवड्यात लेक संध्याकाळी घरी आली ती सरळ आजीसमोर उभी राहिली. "आजी, पार्किंगच्या भिंतीला मडगार्ड घासलं. माझीच चूक. वळवताना क्लच सोडला."

मी कपाळाला हात लावला. तीन आठवडे, अकरा हजार! पण आई शांतपणे उठली, हात धुतले, पदराला पुसले आणि अंगणात जाऊन मडगार्डवरून तळहात फिरवला. "पत्रा शाबूत आहे," ती म्हणाली. "वरचाच ओरखडा आहे. सहाशेचा तुकडा आण, तांब्याभर पाणी आण. आणि वळताना नक्की काय केलंस ते सांग बघू मला नीट."